समक्ष पाहून खात्री केली

येडशी,
आषाढ वद्य दशमी, सन १९६१

प्रिय बाबू,

तुला, शामलाला आणि लेकराला अक्काचे आशीर्वाद. बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. लगीन होऊन इथं आल्यापासून मी तुझ्याशिवाय कुणाला पत्र म्हणून लिहिलंच नाही. तू पुण्याला डिप्लोम्याला होतास तेव्हा माझं कार्ड चुकलं तर तू घाबरून उलट टपाली विचारायचास, अक्का आजारी आहे का म्हणून. ह्या चैत्रापासून माझ्याकडून तुला एक अक्षर गेलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. मी त्याचा राग धरलेला नाही. काय विचारायचं आणि काय सांगायचं, हे दोघांनाही कळत नव्हतं, असंच मी धरून चालले.

तुझ्या दाजींची तब्येत आहे तशीच आहे. सकाळी हात धरून ओसरीवर नेऊन बसवते, ऊन आलं की आत आणते. घास भरवावा लागतो. गिळायचं विसरतात, मग मी गळ्यावरून हात फिरवते तेव्हा गिळतात. धाराशिवच्या दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूला हवा मिळाली नाही, त्यात जे गेलं ते आता परत यायचं नाही. आशा दाखवून मी तुम्हाला फसवणार नाही, असं म्हणाले. स्टेशनात छोट्या गाडीची शिट्टी झाली की मात्र हे अजून उठायला बघतात. डेपोची पेट्रोलची वॅगन आली असं वाटत असावं. मी खांदा धरून खाली बसवते. मला आता अव्वा म्हणतात, आईला म्हणायचे तसं. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं सासूबाईंची आठवण काढतायत, म्हणून मी म्हटलं, अव्वा कुठली, त्यांना जाऊन किती वर्षं झाली. तर माझ्याच पदराला धरून पुन्हा अव्वा म्हणाले. त्या दिवसापासून मी ओ देते.

असा माणूस होता का रे तो? तुला आठवत असंल, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि ह्यांच्या पेट्रोलच्या डेपोचे सगळे कायदे इंग्रजीत आले तेव्हा ह्यांची झोप उडाली होती. सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं. हैदराबादचे हुकूम घडाघडा वाचायचे, पण इंग्रजीचा कागद आला की घेऊन बसून राहायचे. तू सुट्टीला आला होतास. ओसरीवर बसून तू एकेक कलम वाचायचास, मराठीत सांगायचास, आणि हे ते उर्दूत लिहून घ्यायचे. डेपोतला गडी चाँदपाशा खाली पायरीवर बसून ऐकायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, पण ऐकलेलं विसरायचा नाही. टाकीत माणूस उतरवायच्या कलमाशी तुम्ही लई वेळ अडला होता. तू सांगितलंस की पेट्रोलची टाकी रिकामी झाली तरी ती रिकामी नसते, तळाला वाफ बसून राहते, ती दिसत नाही आणि थोड्या वेळानं तिचा वासही कळेनासा होतो. म्हणून जाणत्या इंजिनिअरनं स्वतः येऊन, यंत्र आत सोडून, समक्ष पाहून खात्री केली असं लिहून दिल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. चाँदपाशा म्हणाला की म्हणजे आमच्या जिवाची जामिनकीच झाली ही. तू हसून म्हणालास, तसंच समज. आपल्या घरातला पोरगा असं शिकून बोलतोय, ह्याचा मला केवढा अभिमान वाटला होता. त्या दिवशी मी गव्हाची गोड हुग्गी केली होती.

पुढं तू सोलापूरला स्वतःचं ऑफिस काढलंस, सरकारनं तुला दाखले द्यायचा अधिकार दिला, आणि डेपोच्या मालकांनी विचारलं की टाकीच्या दाखल्याला कोणाला बोलवायचं, तेव्हा ह्यांनीच तुझं नाव सांगितलं. नात्याचा म्हणून सांगितलं नाही. मला म्हणाले, दुसरा कोणी कागद बघून सही करील, बाबू टाकी बघून करील. पहिल्या साली तू आलास तो बूट काढून टाकीवर चढलास, तोंडाशी पालथा पडून ते काट्याचं यंत्र दोरीनं आत सोडलंस, चारी कोपऱ्यांत फिरवलंस. काटा हलतोय म्हणून मालकांच्या तोंडावर दाखला नाकारलास आणि टाकी आणखी उघडी ठेवायला लावलीस. मालक तणतणले, पण हे घरी आले ते हसत. दुसऱ्या साली तू घाईत होतास. जीप बंद न करताच उतरलास, चटकन बघितलंस आणि जेवायलाही न थांबता निघालास; मी पाण्याचा तांब्या घेऊन जीपपाशी आले तेव्हा दोन घोट घेतलेस. मी कुरकुरले तर हे म्हणाले, कामाचा माणूस झालाय, चालायचंच.

आणि ह्या साली चैत्रात जे झालं ते तुला कुणीकुणी सांगितलं असंल. पण मी बघितलेलं तू ऐकलेलं नाहीस, म्हणून लिहिते.

टाकीच्या तळाला गाळ साचला होता, तो काढायचा होता. रीत अशी की आधी टाकी पाण्यानं भरून ओतायची, म्हणजे वाफ निघते. पण यंदा इथं पाणी कुठलं? विहिरीत बायका उतरून वाटीनं घागर भरत होत्या. टाकीभर पाणी मागायची ह्यांना लाज वाटली आणि मागितलं असतं तरी गावानं दिलं नसतं. म्हणून हे म्हणाले की झाकणं उघडी ठेवू, वाऱ्यानं जाईल तेवढी जाऊ दे, वेळ लागेल. तिकडं कुर्डुवाडीला पेट्रोलच्या वॅगन येऊन थांबलेल्या, मोटारवाले रोज दारात, मालक रोज ह्यांच्या मागं. हे ऐकेनात. मग मालकांनी एका माणसाला एस.टी.नं सोलापूरला पाठवलं आणि तो दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन आला. हे कागद हातात घेऊन घरी आले. मला विचारलं, बाबू येऊन गेला का? मी म्हटलं, नाही तर. मी शेवया करत होते, हात पिठाचे होते, ते मला चांगलं आठवतं. हे उंबऱ्यातूनच परत डेपोत गेले, मी हात धुऊन मागोमाग कुंपणापर्यंत गेले.

मालकांनी ह्यांना सांगितलं की दाखला देणारा इंजिनिअर आहे, तुम्ही कारकून आहात. पटत नसंल तर किल्ल्या ठेवा. हे किल्ल्या ठेवायलाही तयार झाले होते, बाबू. पण चाँदपाशानं तोवर कमरेला फडकं बांधलं होतं. हे त्याला म्हणाले, थांब, मला वास येतोय. तेव्हा तो जे बोलला ते कुंपणापाशी मी माझ्या कानानं ऐकलं. तो म्हणाला, “मेहुण्याचीच सही हाय न्हवं तुमच्या? मग भ्या कशाचं साहेब. बाबूभाईनं न बघता केली असंल व्हय?” तुला खोटं पाडायचं त्यांच्या जिभेवर आलं नाही. तेवढ्यात तो शिडीवरून आत गेला.

त्याच्या फावड्याचा आवाज आला, मग थांबला. ह्यांनी हाक मारली, पुन्हा मारली. दोरी ओढली तर ती शिडीत अडकलेली. सगळ्या गड्यांना हे स्वतः बजावून सांगायचे की एक जण आत पडला तर दुसऱ्यानं धावत उतरायचं नाही, नाहीतर दोन मढी निघतात. आणि हेच ओला पंचा तोंडाला गुंडाळून उतरले. चाँदपाशाला उचलून तोंडापर्यंत आणला, वरच्यांनी त्याला ओढून घेतला, आणि ह्यांचा हात शिडीवरून सुटला. गड्यांनी गळ टाकून ह्यांना बाहेर काढलं. दोघांना एकाच ट्रकमध्ये घातलं. धाराशिवच्या वाटेवर चाँदपाशा गेला. मी दोघांच्या मधे बसले होते. कुणाचं डोकं मांडीवर घ्यावं हे मला कळत नव्हतं, मी दोघांचं घेतलं.

तेव्हापासून डेपोला सरकारचं कुलूप आहे. लायसन थांबवलंय. मालक सगळ्यांना सांगतात की इंजिनिअरनं त्या दिवशी दुपारी समक्ष येऊन टाकी तपासली होती, टाकी साफ होती. नंतर चाँदपाशानंच आत विडी ओढायचा नाद केला असंल नाहीतर दारू पिऊन उतरला असंल. चाँदपाशा आयुष्यात दारू प्यायला नाही, विडी पेटली असती तर टाकीच उडाली असती, आणि विडी तो डेपोच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली ठेवून आत यायचा, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. पण गडी बोलत नाहीत. डेपो उघडला तर त्यांच्या चुली पेटणार. शेजारची कडूबाई, जिचा नवरा पंपावर असतो, मला विहिरीवर म्हणाली की अक्का, मेलेलं माणूस काय परत येत न्हाय, जितं हायेत त्यास्नी तर जगू द्या. मी तिच्यावर रागावू शकले नाही. तिच्या लेकीच्या अंगावर मीच दिलेलं परकर-पोलकं होतं, ते विरून गेलंय.

मालकांना आता एकच गोष्ट हवी होती. दाखल्यावर जी तारीख आहे त्या तारखेला तू येडशीला आला होतास, हे कुणीतरी सांगायला हवं. गड्यांनी सांगून उपयोग नाही, ते मालकाचे पगारी. स्टेशनमास्तरांनी तुला पाहिलेलं नाही. पण बहिणीच्या घरी भाऊ जेवायला आला होता असं बहिणीनं म्हटलं, तर त्याला खोटं कोण म्हणणार? आणि जिचा नवरा असा होऊन बसलाय, ती तर खोटं बोलणारच नाही. मालकांचा निरोप आला की तेवढं सांगा, मग डेपोचं हे घर तुम्ही राहाल तोवर तुमचं, दवापाण्याचंही आम्ही बघू. मी निरोप घेऊन येणाऱ्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

मग शामला आली. तू आला नाहीस. पोराला कडेवर घेऊन, एस.टी.च्या धुळीनं माखलेली, हातात माझ्यासाठी इरकली लुगडं. तिनं दाजींना पाहिलं आणि उंबऱ्यातच बसली. लई रडली. तिनं सांगितलं की तुला घास गोड लागत नाही, तू रात्र-रात्र जागाच असतोस, तुझा अधिकार जाईल आणि खटला झाला तर तुरुंगही होईल. मी विचारलं, बाबू काय म्हणतो? ती म्हणाली, ते काहीच म्हणत नाहीत. निघताना तिनं माझे पाय धरले. “अक्का, एक ताट वाढलं होतं म्हणायचं. तेवढंच. एका ताटानं आमचं घर वाचतंय.” पोरगं माझ्याकडं बघून हसत होतं. हनुवटी अगदी आपल्या आप्पांची. मी तिला उठवलं, पोराच्या हातावर साखर ठेवली आणि लुगडं परत तिच्या पिशवीत घातलं. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. मला खरंच माहीत नव्हतं, बाबू. आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुला मी भरवलंय, तुझ्या तापात रात्री काढल्यात, आप्पा गेल्यावर ह्यांनी तुला ह्या घरात आणलं तेव्हा तू माझ्या पदराआड लपून आलास. बेंबळीचं आप्पांचं घर तर केव्हाच दुसऱ्याचं झालं. माझं माहेर म्हणजे तू उभा राहशील ती जागा. त्या जागेवर मी स्वतःच्या हातानं निखारे कसे ठेवायचे?

परवा फरिदाबी आली. चाँदपाशाची बायको. नवरा गेल्यावर घरात बसायची तिची चार महिने दहा दिवसांची इद्दत यंदाच्या अधिक महिन्यामुळं आषाढातच संपली आणि ती पहिल्यांदा घराबाहेर पडली ती माझ्याकडं. ह्यांच्या पायाशी बसली, ह्यांना म्हणाली की साहेब, तुम्ही आमच्या माणसाला वर आणलंत, अंधारात टाकलं नाहीत. ह्यांना काही कळलं नाही. मग माझ्याकडं वळली. मी वाट बघत होते की ती आता रडंल, शिव्या देईल, तुझं नाव घेईल. तसं काही नाही. तिनं एवढंच सांगितलं की गावात तिच्या पोरींना दारूड्याच्या पोरी म्हणायला लागलेत, थोरलीचं जमत आलेलं मोडलं. आणि मग विचारलं, “नागम्माबाई, तुमचा भाऊ त्या दिवशी आला हुता का? मला तेवढंच कळू द्या. आला हुता म्हनाल तर मी गप घरी जाते.” मी तिच्याकडं बघितलं. ती उठली आणि बुरखा सावरून गेली. मी उत्तर दिलं नाही, पण तिला ते मिळालं असावं.

आज दुपारी डाक बंगल्यावर मुंबईचे इन्स्पेक्टर साहेब चौकशीला बसले होते. मला बोलावणं होतं म्हणून मी ह्यांना कडूबाईपाशी बसवून गेले. मालक होते, त्यांचे वकील होते. साहेबांनी दाखला पुढं ठेवला आणि सही ओळखता का विचारलं. मी म्हटलं, ओळखते, ते अक्षर मीच हाताला धरून गिरवून घेतलंय. मग त्यांनी विचारलं की ह्या तारखेला तुमचे बंधू तुमच्याकडे जेवायला होते का. वकील माझ्याकडं बघून मान हलवत होते. मी म्हटलं, “माझा भाऊ येडशीला आला आणि माझ्या हातचं पाणी न पिता गेला, असं आजवर झालं नाही. त्या दिवशी तो आला नव्हता.” साहेबांनी मला पुन्हा विचार करायला सांगितलं, भाऊ आहे तुमचा, असं म्हणाले. मी तेच पुन्हा म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं, मी सही केली. बाहेर आले तेव्हा माझ्याशी कुणी बोललं नाही. कडूबाईनं ह्यांना माझ्या हवाली केलं आणि दार लावून घेतलं. तुला सरकारी कागद येईल त्याच्या आधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. ह्यानं तुझ्या दाजींचं काही परत यायचं नाही, चाँदपाशाच्या पोरींचं लगीन जमंल याचीही मला खात्री नाही, आणि मालक उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या नावानं डेपो काढतील, त्यांना दुसरा कोणी सही करून देईल. मला बरं वाटलेलं नाही, बाबू. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तसं काही झालं नाही. पंचमी तोंडावर आली आहे. दर साली तू न्यायला यायचास, यंदा मी वाट बघणार नाही आणि तूही मनाला लावून घेऊ नकोस. घर सोडायचा निरोप संध्याकाळीच आला, आम्ही शनिवारी निघतोय. ह्यांना घेऊन कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही. ठरलं तरी ते तुला कळवावं की नाही, हे मला उमगत नाही.

तरीही तुझीच,
अक्का